माशांच्या पाण्यावरची अंबाडी

मुकुंदवाडीतल्या आमच्या रो-हाउसच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघराचं दार उघडलं की, दोन बाजा शेजारी शेजारी मावतील एवढी मोकळी जागा आहे. बिल्डरने तिथे विटांचे तुकडे आणि मुरूम पसरून वर पातळ कोबा केला होता. धुणं वाळत घालायची तार, हिवाळ्यात झाकून ठेवलेला कूलर आणि पाण्याचे ड्रम, एवढाच त्या जागेचा उपयोग. गेल्या वर्षी जानेवारीत माझ्या पत्नीने तिथे मासे पाळून त्यांच्या पाण्यावर पालेभाजी लावायचं ठरवलं. जूनमध्ये ती गेली. मधल्या महिन्यांत जे घडलं ते लिहितो आहे.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. विहिरींचं, बोअरचं, टँकरचं पाणी बाटल्यांतून यायचं आणि ती त्यात थेंब टाकून रंग पाहायची. निवृत्त झाल्यावरही पाणी पिण्याआधी पेला उजेडात धरायची तिची सवय गेली नाही. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. आम्हाला मूल नाही. दिवाळीनंतर तिच्या पोटात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि ठरावीक आठवड्यांनी सलाइनमधून औषध देणं सुरू झालं. दुसऱ्या खेपेनंतर तिची चव बिघडली. प्रत्येक घासाला लोखंडाची चव यायची. वरण लोखंडाचं, दूध लोखंडाचं, कुणी आणलेला पेढाही लोखंडाचा. डॉक्टर म्हणाले, या औषधाने असं होतं, काहींना आंबट तेवढं लागतं. लिंबाने तिचं सोललेलं तोंड भाजायचं. ताकाने मळमळायचं.

"अंबाडी लागेल," ती एक दिवस म्हणाली. "तेवढी कळेल मला."

अंबाडीची भाजी आमच्याकडे ज्वारीच्या कण्या घालून करतात. वर लसणाची फोडणी, सोबत भाकरी. तिचं माहेर पैठणजवळचं, तिथे अंबाडी बांधावर आपोआप माजते. शहराच्या मंडईतही पावसाळ्यात आणि त्यानंतर तिचे ढीग लागतात. पण उन्हाळ्याच्या तोंडावर ती नसते, असली तर जून आणि काड्यांची. आणि मिळाली असती तरी तिने खाल्ली नसती. कोणती पालेभाजी कशा पाण्यावर वाढते याचा अंदाज तिला नोकरीने दिला होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना असलं पान ती तोंडात घालणार नव्हती. घरीच कुंडीत लावू म्हटलं, तर डॉक्टरांनी माती आणि शेणखतापासून लांब राहायला बजावलं होतं. शिवाय आमचं बोअर आटलेलं, नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी. कुंड्यांना रोज घालायला ते आणायचं कुठून?

म्हणून मासे. मोबाइलवर तिने बरेच व्हिडिओ पाहिले आणि मग मला समोर बसवून समजावलं.

"टाकीत मासे. मासे खातात, पाण्यात घाण करतात. त्या घाणीतून अमोनिया होतो, तो माशांनाच मारतो. पण खडीवर जिवाणू बसले की ते अमोनियाचं खत करतात. ते खत भाजी घेते, पाणी स्वच्छ होतं आणि परत माशांकडे जातं. फिरून फिरून तेच पाणी. उडून जाईल तेवढंच वरून घालायचं."

"यात माती कुठे आहे?"

"माती नाहीच. खडी आणि पाणी."

"आणि जिवाणू आणायचे कुठून?"

"ते येतात. त्यांना वेळ द्यावा लागतो. तुमच्यासारखं नाही, रात्री बारा वाजले की पान सोडून दिलं."

वाटणीही तिनेच केली. "हात तुमचे, डोळे माझे." स्वयंपाकघराच्या दारात तिची खुर्ची ठेवली. तिथून ती सांगायची आणि मी कोब्यावर उकिडवा बसून करायचो.

गच्चीवर पडून असलेली जुनी काळी टाकी खाली आणली. एक निळा ड्रम उभा चिरून त्याचे दोन वाफे केले आणि लोखंडी घोडीवर टाकीच्या वर बसवले. खडी आणली तेव्हा तिने आधी एका दगडावर लिंबू पिळायला लावलं. फेस आला तर दगडात चुना आहे, तो पाण्याचा गुण बदलतो. फेस आला नाही. पाणी वर चढवायला कूलरचाच पंप काढून लावला. पाणी खडीतून झिरपून धारेने परत टाकीत पडायचं, त्याचा आवाज दिवसभर स्वयंपाकघरात यायचा. उन्हाला अडवायला वर हिरवी जाळी बांधली. वीज गेली तर पंप थांबू नये म्हणून घरातला इन्व्हर्टर टीव्हीकडून काढून तिकडे जोडला.

एक नियम तिने पहिल्याच दिवशी घालून दिला. नळाचं पाणी थेट टाकीत घालायचं नाही. त्यात क्लोरीन असतं; ते आपल्याला वाचवतं, पण मासे आणि खडीवरचे जिवाणू दोन्ही मारतं. माशांसाठी एक ड्रम वेगळा. त्यात नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं. मग ती एका काचेच्या नळीत ते पाणी घेऊन थेंब टाकणार, रंग पिवळा आला नाही तरच ते टाकीत जाणार.

याच सुमारास तिची थोरली बहीण पैठणहून आली. आम्ही तिला आक्का म्हणतो. नवरा नाही, शेत मुलगा पाहतो, गळ्यात तुळशीची माळ. ती बहिणीचं करायला म्हणून आली होती, आणि येताना तिच्या पिशवीत पुडी बांधून अंबाडीचं बी होतं. टाकीत रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पाहिली तेव्हा तिने पुडी परत पिशवीत ठेवली.

"घरात मासे? बये, तुला औषध चढलं का काय?"

"खायला नाहीत गं. भाजीसाठी आहेत."

"म्हंजी माशांच्या घाणीवरली भाजी खायची."

"तू शेतात शेणखत घालतेस, ते काय अत्तर असतं?"

"ते गाईचं असतंय."

"मग माशाने काय घोडं मारलंय?"

आक्काने पिशवी परत जवळ ओढली. "रांधून घालीन मी तुला. माझ्या तोंडात नाय घालायची." मग पुडी बाहेर काढून माझ्या हातात दिली.

शहराच्या पाण्यावरून तिचे टोमणे रोज असायचे. धरण तिच्या गावाजवळचं, तिथलंच पाणी नळाने आमच्याकडे येतं. "आमच्या दारातलं पाणी नेता, आन् दहा दिवसांनी पिता. तिथंच या की राह्यला, पाव्हणं. बादलीनं प्या."

पहिले काही आठवडे सगळं चुकत गेलं. अमोनिया चढला. त्याचे थेंब वेगळे; त्यांनी नळीतलं पाणी पिवळ्यावरून हिरव्यावर गेलं की ती मान हलवायची आणि माशांचं खाणं बंद करायला सांगायची. काही पिल्लं मेली. ती मी काढून टाकली आणि किती ते तिला सांगितलं. अंबाडीचं बी वाया घालवायचं नाही म्हणून आधी पालक लावला होता, तो उगवला आणि पिवळा पडला. पानांच्या शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी. मी एक पान तिच्याकडे नेलं.

"लोह कमी पडतंय," ती म्हणाली. मग हसली. "माझ्या तोंडात सगळं लोखंड, आणि याला मिळेना."

तिने सांगितलेलं लोहाचं औषध शेतीच्या दुकानातून आणून घातलं. पुढचा पालक हिरवा आला. मार्चमध्ये एका सकाळी नळीतल्या पाण्याने रंग बदललाच नाही. तिने नळी उजेडात धरली, माझ्याकडे दिली, परत मागून घेतली. "बसले," ती म्हणाली. जिवाणू खडीवर बसले होते. त्याच दिवशी आम्ही पालक उपटून दोन्ही वाफ्यांत अंबाडी पेरली.

अंबाडीला ऊन मानवतं. लाल देठ आणि बोटांसारखी चिरलेली पानं खडीतून वर आली. तिची खुर्ची आता सकाळ-संध्याकाळ दारात असायची. वजन उतरत होतं, केस गेले होते, पण त्या दोन वेळा ती स्वतः उठून यायची. आक्का माशांना खाणं टाकायला लागली होती. आधी लांबून फेकायची. मग टाकीच्या काठाला हात टेकून उभी राहायला लागली. "या गं बायांनो, या," असं म्हणताना मी तिला ऐकलं. मी ऐकलं हे तिला कळलं तेव्हा म्हणाली, "मुकी जनावरं हायती. बोलावं लागतं."

एप्रिल संपताना अंबाडी वीतभर झाली. मी म्हणालो, कापू. पत्नी म्हणाली, मागच्या खेपेची मळमळ अजून आहे, आत्ता खाल्लं तर जिभेला कळण्याआधीच उलटून पडेल; दोन दिवसांनी पुढची खेप आहे. आणि खेप झाली की मळमळ परत सुरू व्हायच्या आधी एक दिवस बरा जातो, हे तिने पाहून ठेवलं होतं. "दवाखान्यातून आल्यावर, त्याच दुपारी." आक्काने कण्या भरडून डब्यात ठेवल्या.

त्याच आठवड्यात पाण्याची मुख्य लाइन कुठेतरी फुटली आणि आमच्या गल्लीची पाळी हुकली. उन्हाने टाकीतलं पाणी रोज खाली जात होतं. माशांसाठी ठेवलेला ड्रम मी टाकीत रिकामा केला आणि तिला घेऊन दवाखान्यात गेलो. खेपेला दोन रात्री तिथे राहावं लागायचं. आक्का घरी एकटी होती. नळ आला तर आधी माशांचा ड्रम भरायचा, एवढं मी तिला सांगून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळ आला. या शहरात नळ येतो तेव्हा काय होतं हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. कुणीतरी गल्लीत ओरडतं, मोटारी सुरू होतात, आणि मग कुणी विचार करत नाही. हंडे, बादल्या, टब, पातेली, कुकर, थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या, जे जे पोकळ आहे ते भरायचं. पाणी किती वेळ राहील हे माहीत नसतं, परत कधी येईल हेही नसतं. एक भांडं कोरडं राहिलं तर ते घरातल्या बाईच्या जिवाला लागतं. आक्काने आधी माशांचा ड्रम भरला, सांगितल्याप्रमाणे. मग घरातलं सगळं भरलं. शेवटी नळाचा पाइप हातात घेऊन ती मागे आली. टाकीतलं पाणी इतकं खाली गेलं होतं की पंप हवा ओढत होता आणि मासे तळाशी आडवे होऊन एकमेकांवर घासत होते. तिने पाइप टाकीत सोडला.

तिचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्याजवळ होतो. पत्नी सलाइन लावून झोपली होती.

"पाव्हणं, मासे वर यायलेत. तोंडं काढायलेत पाण्याच्या वर. गरागरा फिरायलेत."

"आक्का, टाकीत नळाचं पाणी घातलं का?"

पलीकडून टाकीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता.

"आक्का?"

"व्हय." मग एकदम सगळं बोलली. "पाठी उघड्या पडल्या होत्या त्यांच्या. तहानलेल्याला काय दोन दिवस थांब म्हणायचं? माणसं पितात तेच पाणी हाय ना? माणसाला चालतंय तर माशाला का नाय?"

मी म्हणालो, मासे बादलीत काढा. ती म्हणाली, कुठल्या बादलीत काढू, सगळ्या बादल्यांत तेच पाणी आहे. ते खरं होतं. घर काठोकाठ पाण्याने भरलं होतं आणि त्यातल्या एकाही भांड्यात मासा जगला नसता. लाइन दुरुस्त केल्यावर पाण्यात क्लोरीन जास्त सोडतात, हे मला पत्नीकडूनच कळलं होतं. मी फोन बंद करून वॉर्डात गेलो. ती अजून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षातून उतरलो तेव्हा आक्का फाटकात उभी होती. "तुम्ही नका बोलू," ती मला म्हणाली. "मी सांगते." तिने बहिणीचा हात धरला, तिला खुर्चीपर्यंत नेलं, बसवलं आणि समोर खाली बसली.

"बये, मी मासे मारले."

पत्नीने टाकीकडे पाहिलं. आक्काने मेलेले मासे सकाळी उजाडल्यावर काढले होते. रात्रभर तिला हात लावायचा धीर झाला नव्हता. पंप चालू होता, पाणी नेहमीसारखं धारेने पडत होतं.

"किती?"

"समदे."

"थेंबांचा डबा आणा," पत्नी मला म्हणाली. मी टाकीतलं पाणी नळीत घेतलं आणि थेंब टाकले. रंग गडद पिवळा आला. तिने नळी उजेडात धरली. "बरंच क्लोरीन घातलंय पालिकेने," ती म्हणाली. "लाइन फुटल्यावर घालावंच लागतं. बरोबर आहे त्यांचं."

आक्का म्हणाली, "अंबाडी तर हिरवीगार हाय. बघ की. मी धुती, उकळून पाणी टाकून देती, परत उकळती. आज दुपारी खायची होती ना तू?"

"मेलेले मासे रात्रभर त्याच पाण्यात होते ना?"

"व्हय. पर तीनदा उकळती मी. चारदा."

"आक्का, मला आत्ता काही झालं तर मी उठणार नाही. नको."

मी विळ्याने दोन्ही वाफे कापून टाकले. कापताना पत्नीने एक पान मागितलं. मी दिलं. तिने ते तळहातावर चुरगळलं, नाकाशी धरलं आणि बराच वेळ तसाच हात ठेवला. मग हात धुवायला साबण मागितला.

संध्याकाळी आक्का जेवली नाही. पत्नीने तिला हाक मारली. "ये इकडं. तुला मासे नकोच होते ना घरात? गेले. आता रडतेस कशाला?" आक्का रडत रडतच हसली. तिने बहिणीच्या पायाला तेल लावायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी आक्का न सांगता निघून गेली. मला वाटलं ती कायमची गावी गेली. दुपार टळून गेल्यावर ती परतली. एसटीच्या गर्दीत तिच्या मांडीवर हवा भरलेली, फुगून घट्ट झालेली प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात रोहूची बोटुकली. धरणाजवळच्या मत्स्यबीज केंद्रावर जाऊन तिने ती आणली होती. गळ्यात माळ घातलेली बाई मांडीवर मासे घेऊन बसली म्हणून अख्ख्या बसने चौकशी केली.

"कंडक्टर म्हणतो, मावशी, माळ घालून मासे? मी म्हनलं, खायला नाय बाबा, राखायला. तर म्हणतो, मग यांचंही तिकीट काढा, बसायला जागा घेतलीय. म्हनलं, अर्धं देते, लेकरं हायती."

पत्नी मोठ्याने हसली. पोटावरच्या व्रणावर हात ठेवून हसली. त्यानंतर ती तशी हसल्याचं मला आठवत नाही.

मग ती म्हणाली, "आक्का, आता परत पहिल्यापासून. खडीवरचे जिवाणूही मेलेत. ते बसले की मग अंबाडी."

"किती दिवस लागतील?"

"मागं लागले तेवढे."

आक्काने तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिघांनीही मनात तोच हिशेब केला असणार. मी टाकी धुवायला उठलो.

मे महिन्यात डॉक्टरांनी औषध थांबवलं. तपासणीत दिसलं होतं की त्याचा उपयोग होत नाही. आता त्रास कमी राहील एवढंच पाहायचं, असं ते म्हणाले. पत्नीने त्यांना एकच प्रश्न विचारला, चव परत येईल का. येईल, ते म्हणाले, औषध बंद झालं की हळूहळू येते. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "म्हणजे चव येईल तोवर अंबाडी येईल." ती हे माझ्याशी बोलत होती की स्वतःशी, ते मला कळलं नाही.

यावेळी चुका झाल्या नाहीत. माशांना खाणं किती टाकायचं, अमोनिया चढला की किती पाणी बदलायचं, पानं पिवळी पडायच्या आधीच लोह किती घालायचं, हे सगळं आता मला विचारावं लागत नव्हतं. कोणता रंग म्हणजे काय, हेही मला नळी बघताच कळायचं. तरी मी नळी रोज तिच्या पलंगापाशी न्यायचो. खुर्चीत बसणं तिला जमत नव्हतं. ती उशीवरून मान वळवून खिडकीच्या उजेडात रंग पाहायची आणि आकडा सांगायची. तो बरोबर असायचा. पुढे ती आकडा न सांगता नुसती मान हलवायला लागली. जिवाणू बसले तेव्हा मी नळी तिच्यासमोर धरली. तिने पाहिली आणि डोळे मिटले. त्याच दुपारी अंबाडी पेरली.

आक्का सकाळी उठली की आधी मागे जायची. स्वयंपाकघरात चहा ठेवताना मला तिचा आवाज ऐकू यायचा. "निघ की गं लौकर. कशाला रुसलीस? मी चुकले, तू कशाला रुसतेस?" ती रोपांशी बोलत होती. रोपं त्यांच्या गतीने वाढत होती. ऊन भरपूर होतं, पाणी चांगलं होतं, मासे ठीक होते. कशातही काही कमी नव्हतं.

शेवटच्या दिवसांत पत्नी चमच्याने पाणी घ्यायची, तेही ओठ ओले होतील एवढंच. चव आली होती का, ते आम्ही तिला विचारलं नाही. एका सकाळी आक्का तिच्या उशाशी बसलेली असताना ती गेली. मी मागे टाकीपाशी होतो. आक्काने हाक मारली नाही. ती दारात येऊन उभी राहिली आणि मी तिच्याकडे पाहिल्यावर आत गेली. तेव्हा अंबाडीला दोन-दोन पानं होती.

दहावा पैठणला केला, गोदावरीच्या घाटावर. आदल्या रात्री आक्का माझ्याकडेच होती. सकाळी निघण्याआधी तिने मागे जाऊन दोन्ही वाफ्यांतल्या रोपांची सगळी पानं खुडली. रोपं बोटभर होती, पानं कोवळी, जेमतेम मूठभर. तिने ती कण्या घालून रांधली. वाटीच्या तळाला चिकटेल एवढी भाजी झाली. वाटी फडक्यात बांधून तिने मांडीवर घेतली.

आमच्यात दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याचं मन कशात अडकलेलं नाही, असं मानतात. नाही शिवला तर लोक अदमास घेतात, काय राहिलं असेल. मुलीचं लग्न, जमिनीचा वाद, कुणाला दिलेला शब्द. जवळची माणसं हात जोडून मोठ्याने कबूल करतात, ते मी करीन. मग कावळा येतो. कधी तास लागतो, कधी दुपार होते. आक्का त्याच तयारीने आली होती, हे मला वाटेत तिच्या ओठांच्या हालचालीवरून दिसलं. ती काहीतरी घोकत होती.

पिंड ठेवले. आक्काने वाटीतली भाजी पळसाच्या पानावर पिंडाशेजारी ओतली. गुरुजींनी सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं. आम्ही नीट मागेही सरलो नव्हतो, तोच एक कावळा घाटाच्या भिंतीवरून उतरला, उड्या मारत आला आणि त्याने भाताला चोच लावली. भाजीला लावली नाही.

"शिवला, शिवला!" लोकांनी हात जोडले. "सुटली बाई. काही मागं ठेवलं नाही." कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आक्का पुढे धावली. "हाड!" ती ओरडली. "थांब की मेल्या! हाड, हाड!" तिने पदर झटकला. कावळा उडून भिंतीवर बसला.

गुरुजी चकित झाले. "अहो मावशी, हे काय करता? शिवलेला कावळा कुणी हाकलतं का?"

"इतक्या लवकर कसा शिवला?" आक्का म्हणाली. "तिचं राह्यलंय. मला बोलायचं होतं. मी अजून बोललेच नाय."

"आता बोलायचं काय राहिलं? सुटली ती. चांगलं झालं."

तिच्या मुलाने तिला दंडाला धरून मागे आणलं. कावळा परत उतरला नाही. गुरुजी म्हणाले, एकदा शिवला म्हणजे झालं, आणि त्यांनी पुढचे विधी उरकले. पिंड आणि त्याबरोबर ती भाजीही नदीत सोडली.

दुपारी तिच्या घरी जेवणाची पंगत होती. मी ओसरीवर बसलो होतो. ती आतून आली आणि माझ्यासमोर बसली. डोळे कोरडे होते.

"पाव्हणं, तुम्ही पेपरवाले. खरं काय ते सांगा. तिनं मला माफ केलं म्हणून शिवला, का तिचं कशातच मन उरलं नव्हतं?"

मी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"तुम्हाला बोलली असंल की ती. नवरा-बायकोत बोलणं होतंच."

"नाही. मासे मेले त्या दिवसानंतर तिने तो विषय काढला नाही."

"कधीच नाय?"

"कधीच नाही."

"रागानं पण नाय?"

"नाही."

"मग मी काय धरू?"

"माहीत नाही, आक्का," मी म्हणालो.

आतून कुणीतरी तिला हाक मारली, भात संपत आला होता. गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि वाढायला गेली.